उपरोधाचा आचार्य

एखाद्या मुलाच्या धक्क्याने दुधाचे पातेले लवंडले आणि त्याची आई त्याला, मोठा पराक्रम केलास, असे म्हणाली, तर आपल्याला शाबासकी मिळाली म्हणून तो मुलगा नाचू लागत नाही. शब्द स्तुतीचे असले तरी त्यांचा अर्थ निंदेचा आहे, हे त्याला आईच्या स्वरावरून आणि सांडलेल्या दुधावरून तत्काळ उमगते. शब्दांतून सरळ निघणाऱ्या अर्थास वाच्यार्थ म्हणतात व त्याच्या आड दडलेल्या अर्थास व्यंग्यार्थ. वरून स्तुती आणि आतून निंदा अशा बोलण्याला आपल्या जुन्या साहित्यशास्त्रकारांनी व्याजस्तुती असे नाव दिले आहे. नित्याच्या व्यवहारात आपण त्यालाच उपरोध म्हणतो. बोलण्यातील उपरोध ओळखणे सोपे असते. छापलेल्या पानाला मात्र स्वर नसतो आणि चेहराही नसतो. तेथे सांडलेले दूध कोठे आहे, हे वाचकाला स्वतःच शोधावे लागते. अशा लेखनात ज्याचा हात धरणारा जगाच्या साहित्यात क्वचितच सापडेल, त्या जोनाथन स्विफ्टचे हे चरित्र आहे.

स्विफ्टचा जन्म 30 नोव्हेंबर 1667 रोजी आयर्लंडमधील डब्लिन शहरी झाला. त्याच्या जन्मापूर्वीच काही महिने वडील वारले होते. पितृछत्र नाही आणि घरी पैसाही नाही, अशा स्थितीत तो वाढला. चुलत्याने त्याला किल्केनी येथील नामांकित शाळेत घातले आणि पुढे 1682 मध्ये तो डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. परंतु चुलत्याच्या उपकाराचे ओझे त्या मानी मुलाला सतत डाचत असे. अभ्यासातही त्याचे मन सर्वत्र सारखे रमले नाही. इतिहास व काव्य तो आवडीने वाची. रुक्ष तर्कशास्त्राकडे मात्र त्याने पाठ फिरवली. याचा परिणाम असा झाला की, 1686 मध्ये त्याला जी पदवी मिळाली, ती विशेष कृपेने दिल्याची नोंद झाली.

या दोन शब्दांची एक गंमत सांगतात. ट्रिनिटी कॉलेजात विशेष कृपा याचा अर्थ इतकाच होता की, विद्यार्थी थोडा कमी पडला, तरीही त्याला पदरात घेतले. पुढे स्विफ्ट ऑक्सफर्डला गेला, तेव्हा तेथील मंडळींनी हेच शब्द वाचून, या विद्यार्थ्याचा कोणी खास गौरव केला असला पाहिजे, असा समज करून घेतला म्हणे! शब्द तेच, पण जागा बदलताच निंदेची स्तुती झाली. शब्दांचा हा स्वभाव स्विफ्टने जन्मभर ध्यानात ठेवला.

1689 मध्ये आयर्लंडात धामधूम माजल्यामुळे तो इंग्लंडात आला आणि सर विल्यम टेंपल या निवृत्त मुत्सद्द्याकडे चिटणीस म्हणून राहिला. टेंपलच्या मूर पार्क येथील वाड्यात मोठा ग्रंथसंग्रह होता. तेथे स्विफ्टने अधाशासारखे वाचन केले. त्याच वाड्यात एस्थर जॉन्सन नावाची आठ वर्षांची मुलगी राहत होती. तिला लिहावाचावयास शिकवण्याचे काम स्विफ्टकडे आले. हीच पुढे त्याची जिवलग मैत्रीण झाली. तो तिला स्टेला म्हणत असे. याच काळात तो धर्मोपदेशक झाला. 1699 मध्ये टेंपल वारला आणि स्विफ्टला पुन्हा आयर्लंडात जाऊन लहानशा जागेवर समाधान मानावे लागले.

1704 मध्ये लंडनात एक पुस्तक निनावी प्रसिद्ध झाले. पिंपाची कथा असे त्याचे चमत्कारिक नाव होते. त्यात तीन भावांची गोष्ट आहे. मरणारा बाप तिघांना एकेक अंगरखा देतो आणि त्यात एका धाग्याचीही भर घालावयाची नाही, असे मृत्युपत्रात बजावतो. पुढे गावात खांद्यावर गोंडे लावण्याची टूम निघते. भावांना गोंडे तर हवे आहेत, पण मृत्युपत्र मोडल्याचा ठपका नको आहे. मग त्यांतील एक पंडित मृत्युपत्र घेऊन बसतो. गोंड्याची परवानगी त्यात कोठेच नसते. तेव्हा तो म्हणतो की, शब्द नसला तर नसो, त्याचे तुकडे कोठे सापडतात का पाहू. तुकडेही सापडत नाहीत. मग एकेक अक्षर निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा केले जाते. शेवटी एक अक्षर काही केल्या मिळत नाही, तेव्हा ते अक्षर मुळातच अशुद्ध आहे, त्याच्या जागी दुसरे चालेल, असा निर्णय होतो आणि तिघेही भाऊ खांद्यावर गोंडे मिरवीत बाहेर पडतात.

धर्मग्रंथातील शब्दांना पिळून आपल्या सोयीचा अर्थ काढणाऱ्या ख्रिस्ती पंथांवर हा प्रहार होता. स्वतः धर्मोपदेशक असलेल्या स्विफ्टला धर्माची थट्टा करावयाची नव्हती. शब्दांशी लबाडी करणारांची करावयाची होती. परंतु अनेकांना हा भेद कळला नाही. राणी अ‍ॅनचे मन या पुस्तकामुळे कलुषित झाले आणि त्यामुळेच इंग्लंडात मोठे धर्मपद स्विफ्टला कधी मिळाले नाही, असे मानले जाते. आडपडद्याने लिहिणाराला, पडदाच खरा समजणाऱ्या वाचकांमुळे केवढी किंमत मोजावी लागते, हे त्याला या प्रसंगाने शिकवले.

त्याचा उपरोध नेहमीच इतका गंभीर नसे. त्या काळी लंडनमध्ये जॉन पार्ट्रिज नावाचा एक ज्योतिषी दरवर्षी भविष्याचे पंचांग छापून भोळ्या लोकांना नादी लावीत असे. 1708 च्या आरंभी आयझॅक बिकरस्टाफ या टोपणनावाने स्विफ्टने स्वतःच एक भविष्य छापले. येत्या 29 मार्च रोजी रात्री अकराच्या सुमारास पार्ट्रिज तापाने मरणार, असे त्यात वर्तवले होते. ती तारीख उलटताच, भविष्य खरे ठरल्याचे वर्णन करणारी दुसरी पुस्तिका निघाली. बिचारा पार्ट्रिज आपण जिवंत असल्याचे लोकांना सांगू लागला. तेव्हा बिकरस्टाफने अत्यंत शांतपणे तिसरी पुस्तिका लिहिली व पार्ट्रिज मेलाच असला पाहिजे, असे पुराव्यानिशी सिद्ध केले. त्यातला एक पुरावा असा होता की, पार्ट्रिजचे पंचांग वाचणारा जो तो, जिवंत माणूस असले काही लिहिणार नाही, असे म्हणत असतो! सारे लंडन पोट धरून हसले. ज्योतिषाचे शस्त्र ज्योतिषावरच उलटले होते.

1710 ते 1714 ही वर्षे स्विफ्टने लंडनच्या राजकारणात घालवली. मंत्री त्याच्या लेखणीला मान देत. इंग्रजी भाषेच्या शुद्धीची त्याला तळमळ होती. लोक शब्दांची डोकी व शेपट्या तोडून बोलतात, हे त्याला खपत नसे. जमावासाठी वापरला जाणारा मॉब हा शब्द मूळच्या लांब लॅटिन शब्दाचा लचका तोडून बनला होता. तो रुळू नये म्हणून त्याने फार टीका केली. भाषेला स्थैर्य आणण्यासाठी विद्वानांची एक संस्था स्थापावी, अशी सूचनाही त्याने 1712 मध्ये छापली. ती संस्था झाली नाही आणि मॉब हा शब्द तर इंग्रजीत कायमचा घर करून बसला. भाषा पंडितांच्या हुकमाने चालत नाही, हा धडा उपरोधाच्या आचार्याला भाषेनेच दिला!

1713 मध्ये त्याची डब्लिनच्या सेंट पॅट्रिक प्रार्थनामंदिराचा डीन, म्हणजे प्रमुख, म्हणून नेमणूक झाली. पुढल्याच वर्षी राणी अ‍ॅन वारली, त्याचा पक्ष सत्तेवरून गेला आणि स्विफ्ट निराश मनाने आयर्लंडात परतला. आपल्याला काळ्या पाण्यावर धाडले आहे, असेच त्याला वाटत होते. परंतु डब्लिनच्या गल्ल्यांतून हिंडताना त्याने जे पाहिले, त्याने त्याचे स्वतःचे दुःख मागे पडले. आयर्लंड इंग्लंडच्या राजाखाली होते. आयर्लंडने लोकरीचे कापड परदेशी पाठवू नये, असा कायदा इंग्लंडने 1699 मध्येच केला होता. त्यामुळे विणकर उपाशी मरत होते. जमिनीचे मालक इंग्लंडात राहून खंडाचा पैसा तिकडेच उडवीत. रस्तोरस्ती लेकुरवाळ्या बाया भीक मागत फिरत.

1720 मध्ये त्याने, आयर्लंडच्या लोकांनी आयर्लंडातीलच माल वापरावा, असे सांगणारी पुस्तिका निनावी छापली. सरकारने मुद्रकाला पकडले. ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले. तरीही न्यायाधीशाने ज्यूरीला नऊ वेळा परत पाठवून निकाल बदलावयास लावण्याची खटपट केली. पुढे 1722 मध्ये विल्यम वुड नावाच्या इंग्रज कारखानदाराला आयर्लंडसाठी तांब्याची नाणी पाडण्याचा मक्ता मिळाला. आयर्लंडच्या लोकांना कोणी विचारलेसुद्धा नाही. तेव्हा 1724 मध्ये डब्लिनमधील एका कापडविक्याच्या नावाने पत्रे प्रसिद्ध होऊ लागली. ही पत्रे दुकानदार, शेतकरी व कारागीर यांच्यासाठी होती आणि त्यांची भाषा बाजारातल्या माणसाची होती. हे हलके नाणे चालू झाले, तर बड्या जमीनदाराला आपला सहामाही खंड वाहून आणण्यास शेकड्यांनी घोडे लागतील, असे मोठे हिशेब तो साळसूद कापडविक्या मांडी.

यात अतिशयोक्ती होती, हे खरे. लंडनच्या टांकसाळीत, थोर शास्त्रज्ञ न्यूटन तिचा प्रमुख असताना, वुडची नाणी तपासली गेली आणि ती कराराप्रमाणेच भरली. परंतु स्विफ्टचा खरा प्रश्न तांब्याचा नव्हताच. ज्यांच्यावर कायदा लादावयाचा त्यांची संमती हवी की नको, हा होता. चौथ्या पत्रात हा अर्थ उघड होताच, लेखकाचे नाव सांगणाराला 300 पौंड बक्षीस जाहीर झाले. कापडविक्या कोण, हे डब्लिन शहर जाणून होते. त्या काळी 300 पौंड ही भली मोठी रक्कम होती. तरीही त्या दरिद्री शहरातील एकाही माणसाने तोंड उघडले नाही. 1725 मध्ये मक्ता रद्द झाला. डीन स्विफ्ट आता आयर्लंडचा लोकनायक ठरला.

1726 मध्ये त्याचे जगप्रसिद्ध पुस्तक बाहेर पडले. त्यावर स्विफ्टचे नाव नव्हते. लेम्युएल गलिव्हर नावाच्या एका जहाजावरील वैद्याने आपल्या चार सफरींचा वृत्तांत लिहिला आहे, असाच सारा थाट होता. एका बिशपने हे पुस्तक वाचून, यातील जवळजवळ एकाही शब्दावर आपला विश्वास बसत नाही, असे गंभीरपणे म्हटल्याचे स्विफ्टने मित्राला मिस्किलपणे कळवले होते. सहा इंच उंचीच्या माणसांचे लिलिपुट मुलांना फार आवडते. परंतु तेथे अंडे जाड टोकाकडून फोडावे की निमुळत्या, या वादात हजारो माणसे प्राण देतात. तेथे दोरीवर उत्तम नाचणाराला मंत्रिपद मिळते. लहान मूल हे वाचून हसते. मोठा माणूस हसता हसता आपल्या भोवती पाहू लागतो. पुढे राक्षसी देहाच्या राजापुढे गलिव्हर आपल्या देशाची तोंड भरून स्तुती करतो. ती स्तुती ऐकूनच राजाला त्या देशाची किळस येते. येथे निंदा कोणीच केलेली नाही. स्तुतीनेच निंदेचे काम केले आहे.

शब्दांविषयीचे स्विफ्टचे विचारही या पुस्तकात आहेत. लगाडो नावाच्या शहरात काही विद्वान ठरवतात की, शब्द म्हणजे वस्तूंची नावे. तेव्हा शब्द टाकून द्यावेत आणि वस्तूच जवळ बाळगाव्यात. मग ते थोर विद्वान पाठीवर गाठोडी घेऊन, फेरीवाल्यांसारखे वाकून चालतात आणि रस्त्यात भेटले की गाठोडी सोडून वस्तू दाखवीत संभाषण करतात! शेवटच्या सफरीत शहाण्या घोड्यांचा देश आहे. त्यांच्या भाषेत असत्य या अर्थाचा शब्दच नाही. बोलणे एकमेकांना समजण्यासाठी आहे. मग नसलेली गोष्ट आहे म्हणून सांगावयाची कशाला, हेच त्यांना कळत नाही.

आपले लेखन सामान्य माणसाला समजले पाहिजे, असा स्विफ्टचा कटाक्ष असे. मुद्रिते तपासताना तो घरच्या दोन नोकरांना ऐकावयास बसवी आणि त्यांना न कळलेला मजकूर बदली, असे त्याच्या डब्लिन येथील प्रकाशकाने नमूद करून ठेवले आहे.

1728 च्या जानेवारीत स्टेला वारली. त्याच सुमारास पिके बुडून आयर्लंडात दुष्काळ पडला. स्विफ्टने उपायांमागून उपाय सुचवले होते. त्यांकडे कोणी लक्ष दिले नाही. 1729 मध्ये त्याने एक छोटी पुस्तिका छापली. गरिबांची मुले देशाला भार होऊ नयेत म्हणून एक नम्र सूचना, असे तिचे साधे नाव होते. लिहिणारा कोणी हिशेबी, सज्जन गृहस्थ आहे. त्याला गरिबांची दया येते. तो आकडे मांडतो, खर्च काढतो आणि मग शांतपणे सुचवतो की, दरवर्षी गरिबांची एक लाख मुले वर्षाची होताच श्रीमंतांच्या भोजनासाठी दहा शिलिंगांना एक या दराने विकावीत. यात आईबापांचा फायदा आहे आणि देशाचाही.

वाचणाराच्या अंगावर काटा उभा राहतो. असे स्विफ्टने कसे लिहिले? उत्तर त्याच पानांत आहे. हा पदार्थ जमीनदारांना विशेष योग्य, कारण मुलांच्या आईबापांना तर त्यांनी आधीच खाऊन टाकले आहे, असे तो गृहस्थ सांगून जातो. जुलमी सावकाराने अमक्या शेतकऱ्याला खाल्ला, असे आपणही मराठीत म्हणतो. तेथे खाणे याचा अर्थ लुबाडणे असा आपण घेतो आणि पुढे जातो. रोजच्या वापराने त्या शब्दाची धार बोथट झालेली असते. स्विफ्टने तोच शब्द उचलला आणि त्याचा अक्षरशः अर्थ करून श्रीमंतांच्या ताटात वाढला. लुबाडणे चालते, तर खाणे का चालू नये, हा त्याचा न विचारलेला प्रश्न आहे. दुसरी खूण शेवटाजवळ आहे. परदेशी राहणाऱ्या जमीनमालकांवर कर बसवणे, देशी माल वापरणे, असले उपाय मला कोणी सांगू नयेत, असे तो गृहस्थ तुसडेपणाने म्हणतो. हे उपाय म्हणजे स्वतः स्विफ्टने वर्षानुवर्षे कळवळून सांगितलेले उपाय होत. सांडलेले दूध ते हेच. पुस्तिकेतील तो गृहस्थ म्हणजे स्विफ्ट नव्हे, हे ज्याला कळले, त्यालाच ती पुस्तिका कळली.

या पुस्तिकेने दुष्काळ हटला नाही, कायदेही बदलले नाहीत. परंतु उपाशी मुलांची संख्या निर्विकारपणे मोजणाऱ्या शहाण्यांना तिने जो आरसा दाखवला, तो अजून धूसर झालेला नाही.

स्विफ्ट स्वभावाने फटकळ व मानी होता. तथापि त्या काटेरी सालीच्या आत मऊ गर होता. त्याने 500 पौंड बाजूला काढून ठेवले होते आणि त्यातून गरीब कारागिरांना तो बिनव्याजी लहान कर्जे देई. तरुणपणापासून त्याला कानाचा विकार होता. भोवळ येई आणि बहिरेपण छळी. उतारवयात स्मृतीही गेली. ज्याने शब्दांवर राज्य केले, त्याला शब्दच सापडेनासे झाले. 1742 मध्ये त्याच्या देखभालीसाठी पालक नेमावे लागले आणि 19 ऑक्टोबर 1745 रोजी त्याने देह ठेवला. सेंट पॅट्रिक मंदिरात स्टेलाच्या शेजारी त्याचे दफन झाले. आपली बहुतेक सर्व संपत्ती त्याने मनोरुग्णांच्या रुग्णालयासाठी ठेवली होती. ते 1757 मध्ये उघडले आणि डब्लिनमध्ये आजही चालू आहे. या देशाला अशा घराची सर्वांहून अधिक गरज आहे, असा टोमणा त्याने आपल्या मृत्यूवरच्या कवितेत मारून ठेवला होता. लोक टोमण्याला हसले. पण देणगी खरी होती.

उपरोध पुष्कळांना साधतो. दुर्बळाला टोचण्यासाठी वापरला, तर तो नुसता कुत्सितपणा होतो. स्विफ्टने त्याची धार बलवंतांकडे वळवली आणि दुबळ्यांच्या बाजूने ती चालवली. म्हणूनच त्याचे कठोर शब्द वाचताना, त्यांच्या तळाशी असलेली करुणा ज्याला दिसते, तोच खरा वाचक होय.

स्वाध्याय

1. विशेष कृपेने या शब्दांचा ट्रिनिटी कॉलेजात व ऑक्सफर्डमध्ये कोणता निरनिराळा अर्थ घेतला गेला?
2. तीन भावांनी मृत्युपत्रातून आपल्याला हवा तो अर्थ कसा काढला? त्यातून स्विफ्टला कोणाचे दोष दाखवावयाचे होते?
3. नम्र सूचना करणारा गृहस्थ म्हणजे स्विफ्ट नव्हे, हे कोणत्या दोन खुणांवरून कळते?
4. 300 पौंडांचे बक्षीस असूनही डब्लिनच्या लोकांनी कापडविक्याचे नाव का सांगितले नसावे? तुमचे मत लिहा.
5. खाणे हा शब्द वाच्यार्थाने व लक्षणेने वापरून प्रत्येकी दोन वाक्ये लिहा.
6. उपरोध आणि कुत्सितपणा यांतील फरक स्वतःच्या अनुभवातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.